पहिल्या आठवड्यात जिंकणारी ट्यूब

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतली पहिली पाळी सुटली की एक्स्लो पॉइंटपासून उत्तमनगरपर्यंतच्या मेडिकल दुकानांत गर्दी उसळते. कुणाला पित्ताची गोळी हवी असते, कुणाला कंबरेला चोळायचा बाम. त्या गर्दीत विशी-बाविशीतला एखादा पोरगा जरा मागे रेंगाळतो, काउंटर मोकळा झाला की पुढे सरकतो आणि आवाज खाली आणून म्हणतो, "भाऊ, मुरुमांवर चांगली ट्यूब द्या ना. घरात लग्न आहे." मेडिकलवाला मागच्या फळीवरून एक ट्यूब काढून ठेवतो. पैसे दिले, ट्यूब खिशात, पोरगा बाहेर. या व्यवहाराला पुरते मिनिटही लागत नाही. त्यात दोन गोष्टी कुणी कुणाला विचारत नाही: ट्यूबमध्ये काय आहे, आणि गुण किती दिवसांनी यायला हवा.

यातला दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मुरुमांच्या मलमांची तुलना आता घरोघरी चालते. मोबाइलवरच्या रील्स बघून कॉलेजातल्या पोरापोरींना नायसिनमाइड किती टक्के आणि सॅलिसिलिक किती टक्के हे तोंडपाठ झाले आहे. टक्के ठाऊक, किंमत ठाऊक, कंपनी ठाऊक. मुदत मात्र कुणालाच ठाऊक नाही. आणि निकाल तर मुदतीवरच ठरतो. सात दिवसांनी तुलना केली तर एक ट्यूब पहिली येते, बारा आठवड्यांनी केली तर तीच शेवटची. आपला बाजार सात दिवसांचा निकाल विकतो आणि चेहरे बिघडतात ते त्यामुळेच.

बारा आठवडेच का, हे समजायला मुरूम कसा तयार होतो ते थोडे पाहावे लागेल. केसाच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. वयात येताना अँड्रोजन संप्रेरकांमुळे तिचे तेल वाढते. त्याच वेळी छिद्राच्या तोंडाशी झडायला हव्यात त्या मृत पेशी झडत नाहीत, एकमेकींना चिकटून राहतात आणि तिथे बूच बसते. हे बूच इतके बारीक असते की आरशात दिसत नाही. आत तेल तुंबते. त्या तेलावर वाढतो तो जंतू, २०१६ पर्यंत ज्याला प्रोपिओनिबॅक्टेरियम म्हणत आणि आता कटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस म्हणतात, आपल्या सगळ्यांच्याच कातडीवर नांदत असतो. तो काही बाहेरून आलेला शत्रू नव्हे. मग शरीर त्याच्याशी झगडू लागते, दाह होतो, आणि तेव्हा कुठे गालावर लाल फोड उठतो. आज दिसणाऱ्या फोडाची तयारी कित्येक आठवडे आधी झालेली असते. म्हणून आज लावलेले मलम मुख्यतः पुढच्या महिन्यातले मुरूम अडवते. आजचे मुरूम आपल्या गतीने जातात. लग्न पंधरा दिवसांवर आलेल्या पोराला हे सांगणे जड जाते, पण खरे तेच आहे.

या नियमाला बगल देणारी एकच चीज त्या फळीवर असते, ती म्हणजे स्टिरॉइडचे मलम. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन अशी त्यांची नावे. ती बूच काढत नाहीत, तेल कमी करत नाहीत. फक्त दाह दाबतात. रक्तवाहिन्या आकसतात, दोन-तीन दिवसांत लाली ओसरते, चेहरा सपाट आणि वर उजळही दिसू लागतो. आठवडाभराच्या शर्यतीत या ट्यूबला हरवेल असे मलम जगात कुठेही नाही. लग्नाच्या फोटोत चेहरा झकास येतो. दोन महिन्यांनी कातडी पातळ झालेली असते, गालांवर बारीक लाल शिरा उमटतात, उन्हात गेले की आग होते, मुलींच्या गालांवर लव दाट होते, आणि एकाच मापाच्या बारीक पुळ्यांचे पीक येते. हे स्टिरॉइडनेच दिलेले नवे मुरूम. घाबरून मलम बंद केले की चेहरा आणखी भडकतो; पुन्हा लावले की निवतो. पोरगा मनाशी हिशेब करतो: लावले की बरे, सोडले की वाईट, म्हणजे औषध लागू पडते आहे. त्याच्या डोळ्यांसमोर असलेल्या पुराव्यावरून हा निष्कर्ष चुकीचाही म्हणता येत नाही. त्याच्याजवळचे घड्याळ तेवढे चुकीचे आहे.

हा काही चार-दोन जणांचा अनुभव नाही. देशातल्या बारा केंद्रांतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी मिळून केलेली एक पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते. त्यातले १२६ जण ते गोरेपणाची क्रीम, नेहमीची क्रीम किंवा दाढीनंतरचे मलम समजून वापरत होते आणि १०४ जण चक्क मुरुमांवर. दुष्परिणामांत पहिला नंबर कशाचा होता? मुरुमांचाच. या अवस्थेला आपल्याकडच्या डॉक्टरांनी 'टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस' असे स्वतंत्र नाव दिले आणि त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने या गैरवापराविरुद्ध कृती दलही उभे केले.

इथे अंबडकरांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ग्लॅक्सोस्मिथक्लाइनचा कारखाना याच एमआयडीसीत आहे, आणि बेटामेथासोनच्या कित्येक ट्यूबांवर 'अंबड-पाथर्डी ब्लॉक, नाशिक' हा पत्ता छापून देशभर गेला आहे. त्यात औषधाचा काही दोष नाही. १९५२ मध्ये सल्झबर्गर आणि विटन या अमेरिकन डॉक्टरांनी कातडीवर लावायच्या हायड्रोकॉर्टिसोनचा गुण दाखवून दिला, तेव्हापासून इसब आणि सोरायसिसच्या रुग्णांना या मलमांनी किती सुख दिले आहे याची गणती नाही. योग्य जागी, योग्य मुदतीपुरते, डॉक्टरच्या देखरेखीखाली लावले तर हे फार गुणाचे औषध आहे. मुरूम ही त्याची जागाच नव्हे.

आता खऱ्या स्पर्धकांकडे वळू. त्यांच्यात बेंझॉइल पेरॉक्साइड हे जुने, स्वस्त आणि जरा अडाणी वाटावे असे औषध. ते प्राणवायू सोडून जंतू मारते. हा मारा इतका सरधोपट असतो की जंतूला त्याविरुद्ध प्रतिकार कमावता येत नाही. अँटिबायोटिकबद्दल असे म्हणता येणार नाही. बेंझॉइल पेरॉक्साइड २.५, ५ आणि १० टक्क्यांत मिळते. साहजिकच कुणालाही वाटते, दहा टक्के म्हणजे चौपट गुण. १९८६ मध्ये मिल्स, क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिन्ही जेल समोरासमोर ठेवून पाहिले. लाल फोड कमी करण्यात २.५ टक्के बाकी दोघांच्या बरोबरीने उतरले. कोरडेपणा आणि आग मात्र दहा टक्क्यांपेक्षा कमी. जवळपास चाळीस वर्षे झाली या निष्कर्षाला. तरी 'स्ट्राँगवाली द्या' ही मागणी काही थांबत नाही, आणि देणाराही स्ट्राँगवालीच काढतो.

दुसरा स्पर्धक म्हणजे रेटिनॉइड, अ जीवनसत्त्वाच्या कुळातली औषधे. ट्रेटिनॉइनला अमेरिकेत १९७१ मध्ये मान्यता मिळाली, अडापलीनला १९९६ मध्ये. ही औषधे मुळावर घाव घालतात. छिद्राच्या तोंडाशी बूच बसूच देत नाहीत. मात्र पहिले तीन-चार आठवडे कातडी सोलते, लाल होते आणि कधी कधी मुरूम वाढल्यासारखेही दिसतात. नेमके याच टप्प्यावर बहुतेक जण ट्यूब फेकून देतात आणि मित्राने सांगितलेली दुसरी आणतात, जी पहिल्याच आठवड्यात जिंकणारी असते.

हे दोघे एकमेकांसमोर आणि जोडीने कसे चालतात, याची एक चाचणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे आकडे मुळातून पाहण्यासारखे आहेत. ५१७ रुग्णांचे चार गट केले: एकाला अडापलीन आणि बेंझॉइल पेरॉक्साइड एकत्र, दुसऱ्याला नुसते अडापलीन, तिसऱ्याला नुसते बेंझॉइल पेरॉक्साइड, आणि चौथ्याला औषध नसलेले कोरे जेल. बारा आठवड्यांनी चेहरा स्वच्छ किंवा जवळजवळ स्वच्छ झाला, असे म्हणता येण्याजोगे रुग्ण जोडीच्या गटात २७.५ टक्के निघाले. अडापलीनच्या गटात १५.५ टक्के, बेंझॉइल पेरॉक्साइडच्या गटात १५.४. कोऱ्या जेलच्या गटात ९.९.

नुसत्या अडापलीनच्या आणि नुसत्या बेंझॉइल पेरॉक्साइडच्या आकड्यांत दशांशाचाच फरक. म्हणजे 'यातले चांगले कोणते' हा वाद फुकाचा आहे. त्यांची जोडी लावली तर गुण जवळजवळ दुप्पट होतो, कारण दोघे वेगवेगळ्या ठिकाणी काम करतात. त्याच आकड्यांत दुसरी एक कटू गोष्टही आहे. सर्वात चांगल्या गटातसुद्धा तीन महिन्यांनी दर चौघांपैकी साधारण एकाचाच चेहरा स्वच्छ झाला. बाकीच्यांचे मुरूम कमी झाले, पण गेले नाहीत. प्रामाणिक डॉक्टर एवढेच वचन देऊ शकतो. 'तीन महिन्यांत मुरूम साधारण निम्मे होतील, पुढे आणखी कमी होतील' असे लिहिलेली ट्यूब आणि 'सात दिवसांत फरक' असे सांगून पुढे सरकवलेली ट्यूब यांत काउंटरवर कोणती जिंकेल, हे सांगायला नको.

कोऱ्या जेलकडेही जरा पाहू. त्या गटातल्या लोकांचे मुरूमही जवळपास एक तृतीयांशाने कमी झाले होते. औषध काहीच नाही, फक्त रोज नियमाने चेहरा धुऊन जेल लावणे आणि तीन महिने जाऊ देणे. मुरूम आपोआप चढतात आणि उतरतात, आणि माणूस उपाय शोधतो तो ते चढलेले असताना. आपल्या घरांतल्या जायफळाची, चंदनाची, मुलतानी मातीची आणि हळदीची कीर्ती किती प्रमाणात या उतारावर उभी आहे, याचा विचार करून पाहा. आजीने जायफळ दुधात उगाळून लावले आणि फोड बसला, हे खोटे नाही. तो न लावताही बहुधा बसला असता. सुश्रुताने क्षुद्ररोगांत मुखदूषिकेचा उल्लेख केला आहे आणि लोध्र-वेखंडाचे लेप आजही सांगितले जातात. मी त्यांची थट्टा करत नाही. त्यांनी कोऱ्या जेलला हरवून दाखवावे, इतकीच अट आहे, आणि हीच अट महागड्या सीरमांनाही लागू आहे. लिंबू आणि टूथपेस्ट मात्र सरळ बाद. त्यांनी कातडी भाजते आणि डाग पडतो.

एकेका चाचणीवर विसंबू नये म्हणून अनेक चाचण्या एकत्र करूनही हिशेब झाले आहेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासात २२१ चाचण्या जमेस धरल्या होत्या. पोटातून घ्यायचे आयसोट्रेटिनॉइन सर्वांत वर आले. त्याखालोखाल रेटिनॉइड, बेंझॉइल पेरॉक्साइड आणि अँटिबायोटिक यांचे त्रिकूट. एकेकटी मलमे बरीच मागे. वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात बेंझॉइल पेरॉक्साइडच्या १२० चाचण्या होत्या, आणि अडापलीन किंवा क्लिंडामायसिनच्या तुलनेत त्यात फारसा फरक दिसला नाही. तोही पुरावा कच्चा, असे लिहिणाऱ्यांनीच नोंदवून ठेवले. शंभरावर चाचण्या होऊनही पुरावा कच्चा राहतो, याचे कारण प्रत्येक जण मुरूम वेगळ्या तऱ्हेने मोजतो, आणि बऱ्याच चाचण्या मलम विकणाऱ्यांच्याच पैशाने होतात. या साऱ्या तुलनांत मुरुमांवरचे औषध म्हणून स्टिरॉइडची ट्यूब उभीच केली जात नाही, कारण शास्त्र मानणारा कुणीही तिला तसे औषध मानत नाही. जगभरची क्रमवारी लागते आणि चुंचाळे-दत्तनगरच्या खोल्यांतल्या आरशाखाली पडलेली ट्यूब त्या यादीत सापडत नाही.

त्वचेवर लावायच्या अँटिबायोटिकबद्दल थोडक्यात सांगतो. क्लिंडामायसिनचे जेल आपल्याकडे सर्रास दिले जाते आणि सुरुवातीला त्याने गुणही येतो. एकट्याने महिनोन्‌महिने लावले की जंतू त्याला सरावतात, आणि सरावलेले जंतू लावणाऱ्याच्या घरातल्यांच्या कातडीवरही जातात. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत ते एकटे वापरू नये, बेंझॉइल पेरॉक्साइडच्या जोडीने वापरावे, असे स्पष्ट म्हटले आहे. सॅलिसिलिक अ‍ॅसिड काळ्या-पांढऱ्या बारीक ठिपक्यांना थोडे उपयोगी. त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. अमेरिकेत २०२० मध्ये क्लास्कोटेरोन हे तेलग्रंथीवर अँड्रोजनला अडवणारे मलम आले आणि २०२३ मध्ये वर सांगितलेल्या त्रिकुटातली तिन्ही औषधे एकाच जेलमध्ये घातलेली ट्यूब. दुसरीच्या चाचण्यांत बारा आठवड्यांनी साधारण निम्म्या रुग्णांना यश आले. चांगली बातमी आहे, पण अंबडच्या पगारात बसणारी नाही.

मात्र या सगळ्या आकड्यांत एक उणीव आहे. त्यांतल्या पुष्कळ चाचण्या गोऱ्या कातडीवर झाल्या. सावळ्या कातडीत मुरूम गेला तरी मागे काळा डाग राहतो आणि तो महिनोन्‌महिने टिकतो. इथला पोरगा आणि इथली पोरगी मुरुमांइतकीच, कधी कधी जास्तच, त्या डागाने त्रासलेली असतात. त्याहून वाईट म्हणजे औषधाने कातडी भाजली तर त्या भाजण्याचाही डाग पडतो. म्हणून १९८६ च्या त्या चाचणीत बरोबरी झाली असली तरी आपल्याकडे २.५ टक्के आणि १० टक्के यांच्यात बरोबरी होत नाही. अडीच टक्के सरळ जिंकते. अझेलाइक अ‍ॅसिड मुरुमांवर बेंझॉइल पेरॉक्साइडइतके तेज नाही, आधी खाजही सुटते; पण ते डागांवरही काम करते आणि गरोदरपणात चालते, जेव्हा रेटिनॉइड टाळायचे असतात. या गुणांमुळे परदेशी यादीत मध्येच कुठेतरी असलेले हे औषध आपल्या यादीत बरेच वर येते.

डागांचा विषय निघाला की गोरेपणाचा निघतोच, आणि मग अल्बर्ट क्लिगमन या माणसापाशी यावे लागते. फिलाडेल्फियातल्या या त्वचारोगतज्ज्ञाने ट्रेटिनॉइन मुरुमांवर चालते हे १९६९ मध्ये दाखवले. अडीच आणि दहा टक्के सारखेच, हे सांगणाऱ्यांतही तोच. डोक्याला चोपडलेल्या पोमेडमुळे कपाळावर मुरूम येतात, हे १९७० मध्ये नोंदवणाऱ्यांत तोच. ज्यांच्याकडे रोज डोक्यावर तेल थापून कपाळापर्यंत ओघळू देतात, त्यांनी हे लक्षात ठेवावे. त्याच क्लिगमनने विलिस यांच्याबरोबर १९७५ मध्ये हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचे एक मिश्रण वांगासारख्या काळपट चट्ट्यांसाठी सुचवले. त्याचेच बदललेले रूप, बहुधा मोमेटासोन घातलेले, आपल्याकडे गोरेपणाची क्रीम म्हणून महिनोन्‌महिने फासले जाते. आणि या माणसाचे बरेचसे संशोधन झाले ते होम्सबर्गच्या तुरुंगातल्या कैद्यांच्या कातडीवर, १९५० च्या दशकापासून १९७४ पर्यंत. त्यातले बरेच काळे होते, आणि आपल्यावर काय लावले जाते आहे याची त्यांना पुरती कल्पनाही नव्हती. आज जगभरच्या तरुणांचे चेहरे ज्या औषधाने सुधारतात त्याचा हा इतिहास आहे. औषध नाकारावे असे मी म्हणत नाही. पण कुणाच्या कातडीवर काय लावले जाते आणि ते त्याला सांगितले जाते की नाही, हा प्रश्न तुरुंगापुरता नाही. तो उत्तमनगरच्या काउंटरवरही आहे.

अंबडचा आणखी एक वेगळा प्रश्न आहे आणि तो कुठल्याही ट्यूबने सुटत नाही. लेथवर, ऑटोमॅटिक टर्निंगवर जिथे पाणी न मिसळलेले कटिंग ऑइल वापरतात तिथल्या कामगारांच्या हाताच्या पुढच्या भागावर आणि मांड्यांवर काळे ठिपके आणि फोड येतात. तेल छिद्रांत शिरून बुचे बसतात. मांड्यांवर का, तर तेलाने भिजलेली पँट दिवसभर अंगाला चिकटून असते, आणि हात पुसायच्या तेलकट चिंध्या, कॉटन वेस्ट म्हणतात त्या, पँटच्या खिशात कोंबायची सवय असते. अशा माणसाला अडापलीन द्या की बेंझॉइल पेरॉक्साइड, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच तेल. त्याच्यावरचा उपाय म्हणजे मशीनला शिंतोडे अडवणारे गार्ड, रोज धुतलेले कामाचे कपडे, एप्रन आणि पाळी सुटल्यावर साबण-पाण्याची सोय. हा खर्च मालकाचा आहे, कामगाराच्या खिशातला नव्हे. हेल्मेटचा पट्टा आणि घामेजलेला मास्क यांनी हनुवटीवर येणाऱ्या फोडांचेही तसेच: घासणे थांबले की अर्धे काम होते.

यावर अंबडमधला कुणीही समंजस माणूस मला विचारील: हे सगळे ठीक, पण त्वचारोगतज्ज्ञाकडे जायचे म्हणजे फी, औषधे आणि एक पाळी बुडवणे. कंत्राटी कामगाराला एक खाडा केवढ्याला पडतो? हा आक्षेप मला मान्य आहे. मेडिकलवाला हाच इथल्या बहुतेकांचा पहिला डॉक्टर आहे आणि उद्याही राहील. म्हणूनच 'डॉक्टरला विचारा' एवढे सांगून हात झटकणाऱ्यांत मी नाही. प्रश्न आहे तो त्या काउंटरवरून काय सहज मिळावे आणि काय मिळू नये, याचा. अमेरिकेने २०१६ मध्ये ०.१ टक्के अडापलीन चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी दिली. आपल्या सरकारने २०१८ च्या मार्चमध्ये त्वचेवर लावायच्या स्टिरॉइड मलमांना असलेली सूट काढून घेतली आणि ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. दोन्ही निर्णय एकाच दिशेचे आहेत: सुरक्षित औषध सोपे करा, धोक्याचे अवघड करा. आपल्याकडे व्यवहार मात्र उलटा राहिला. स्टिरॉइडची ट्यूब वीस सेकंदांत मिळते, आणि तीन महिने लावायचे औषध कसे लावायचे हे समजावायला मेडिकलवाल्याकडे वीस सेकंद नसतात.

मेडिकलवाल्यांना सरसकट खलनायक ठरवणेही सोपे आहे आणि चूक आहे. तेही त्याच सात दिवसांच्या बाजारात उभे असतात. महिन्याने गुण येणारी ट्यूब दिली तर गिऱ्हाईक आठव्या दिवशी परत येऊन भांडते. स्टिरॉइड दिले तर चार मित्र घेऊन येते. अन्न व औषध प्रशासनाने तपासण्या वाढवाव्यात, पण तेवढ्याने भागणार नाही. गिऱ्हाइकाची अपेक्षा बदलली नाही तर चिठ्ठीचा नियम कागदावरच राहतो. औषध विक्रेत्यांच्या संघटनांनी ठरवले तर मुरुमांच्या औषधाबरोबर मराठीत छापलेली एक चिठ्ठी देता येईल. तिच्यात चारच गोष्टी असाव्यात. रात्री तोंड धुऊन, कोरडे करून वाटाण्याएवढे मलम पूर्ण चेहऱ्याला, फोडांपुरते नव्हे. पहिल्या महिन्यात कातडी सोलेल. एक दिवसाआड लावा, पण सोडू नका. गरोदर असाल किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल तर रेटिनॉइड नको. खोल, दुखणाऱ्या गाठी येत असतील किंवा खड्डे पडू लागले असतील तर मलमावर वेळ घालवू नका, डॉक्टर गाठा. कारण खड्डे कुठल्याच मलमाने भरत नाहीत. जागा उरलीच तर आणखी एक ओळ: बेंझॉइल पेरॉक्साइडने टॉवेल आणि उशीचे अभ्रे पांढरे पडतात, जुने वापरा.

याच बेंझॉइल पेरॉक्साइडबद्दल २०२४ मध्ये अमेरिकेत एक गदारोळ झाला होता. उष्णतेने ते विघटित होऊन बेंझिन तयार होते, असा एका प्रयोगशाळेचा दावा होता. तिथल्या औषध प्रशासनाने ९५ उत्पादने तपासली आणि २०२५ मध्ये जाहीर केले की नव्वद टक्क्यांहून अधिक उत्पादनांत काळजीचे काही नाही. मोजकी परत मागवली गेली. घाबरायचे कारण नाही, पण एप्रिल-मेच्या नाशिकच्या उन्हात ट्यूब गाडीच्या डिकीत टाकून फिरू नका.

तेव्हा अंबडच्या पोरापोरींना माझे सांगणे असे. साध्या मुरुमांसाठी रात्री अडापलीन, सकाळी अडीच टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड, आणि तीन महिने धीर. बाजारातल्या बाकी बहुतेक गोष्टी यापेक्षा महाग आहेत किंवा कमी उपयोगाच्या. आणि आज घरी गेल्यावर आरशाखालची ट्यूब उलटी करून मागची बारीक अक्षरे वाचा. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, डेक्सामेथासोन यांतले एकही नाव दिसले आणि ती तुम्ही मुरुमांवर किंवा गोरेपणासाठी लावत असाल, तर ती दुसऱ्या कुणाला देऊ नका. दोन-चार दिवसच लावली असेल तर आजच बंद करा. महिनोन्‌महिने लावत असाल तर एक पाळी बुडाली तरी चालेल, ट्यूब बरोबर घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि ती कशी सोडायची ते त्यांनाच विचारा.